सोळाव्या चॅनेलवरची हाक ऐकायची कोणी?

डिसेंबर २०१७ च्या अखेरच्या आठवड्यात तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेला ओखी चक्रीवादळात बेपत्ता झालेल्या मच्छीमारांचा आकडा सांगितला. राज्यांकडून आलेल्या माहितीनुसार तो ६६१ होता. त्यापैकी ४०० जण तामिळनाडूचे, तर २६१ केरळचे. वादळ कन्याकुमारीजवळून सरकून जाऊन तोवर जवळपास महिना लोटला होता. नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल यांच्या नौका व विमाने शोधात गुंतली होती. तरीही वादळाच्या दिवशी नेमके किती जण समुद्रात होते, याबाबत राज्य सरकार, मच्छीमार संघटना आणि किनाऱ्यावरची चर्च यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. सभागृहात जो वाद झाला तो मुख्यतः हवामान खात्याचा इशारा वेळेवर आला की नाही यावर आणि केंद्राने मदत किती दिली यावर. बुडणाऱ्या नौकेवरून कोणी हाक मारली असेल, तर ती ऐकण्याची जबाबदारी नेमकी कोणाची होती, हा प्रश्न मात्र त्या वादात मागेच राहिला.

तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तटरक्षक दलाची जी फेररचना झाली, तिचा ताळेबंद मांडताना नेहमी ठाणी, गस्तिनौका, रडार आणि विमाने मोजली जातात. ही मोजदाद चुकीची नाही. पण किनाऱ्यापासून शंभर सागरी मैलांवर इंजिन बंद पडलेल्या किंवा पाणी शिरू लागलेल्या ट्रॉलरच्या तांडेलाला या साऱ्यातून काय मिळाले, याचा हिशेब संसदेच्या कागदपत्रांत शोधावा लागतो. तोही एका जागी सापडत नाही.

वीस मैलांची मर्यादा

समुद्रातील संकटकालीन संदेशाचे शास्त्र फार अवघड नाही. व्हीएचएफ बिनतारी संचावरील सोळावा चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ ही कंप्रता, जगभर आपत्कालीन हाकेसाठी राखून ठेवलेली आहे. त्यावर कोणीही बोलले तर आसपासची प्रत्येक नौका आणि किनाऱ्यावरचे केंद्र ते ऐकू शकते. हाच या व्यवस्थेचा मोठा गुण होय. दूरध्वनीवर एकच माणूस ऐकतो, सोळाव्या चॅनेलवर सारा शेजार ऐकतो, आणि समुद्रात अनेकदा तटरक्षक दलाच्या आधी शेजारची नौकाच धावून जाते.

तिची मर्यादाही तितकीच ठळक आहे. व्हीएचएफच्या लहरी साधारणतः दृष्टिरेषेत प्रवास करतात. पृथ्वीचा गोलाकार आणि अँटेनाची उंची यांवर त्यांचा पल्ला ठरतो. किनाऱ्यावरचा मनोरा ४९ मीटर उंच असेल आणि मासेमारी नौकेवरची अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर असेल, तर हे अंतर सुमारे २० सागरी मैल भरते. मनोरा डोंगरावर असला तर त्यात थोडी भर पडते, आणि संच हातात धरायचा, पाच वॅटचा असला तर पल्ला आणखी आक्रसतो. भारताचा प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांपर्यंत आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत आहे. याचा अर्थ, कायद्याने आपल्या असलेल्या समुद्राच्या फार मोठ्या भागातून मारलेली हाक किनाऱ्यावर ऐकू येणे निसर्गनियमानेच शक्य नाही.

मोठ्या जहाजांसाठी यावर उपाय फार पूर्वी झाला. उपग्रह, अंकीय संदेश आणि आपोआप इशारा देणारे बीकन यांवर उभी असलेली जागतिक सागरी संकट व सुरक्षा प्रणाली १ फेब्रुवारी १९९९ रोजी पूर्णपणे अमलात आली आणि मोर्सच्या कडकट्ट आवाजाचे युग संपले. पण तिची सक्ती आहे ती आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रवासी जहाजांवर आणि ३०० टनांवरील मालवाहू जहाजांवर. रत्नागिरी, वेरावळ किंवा तूतुकुडीहून निघणारी मासेमारी नौका या चौकटीबाहेर राहते. तिच्यासाठी प्रत्येक देशाने आपापली सोय करायची असते. ती सोय किती चांगली आहे, हे त्या देशाच्या तटरक्षक यंत्रणेच्या रचनेवर अवलंबून असते.

बचावाकडून पहाऱ्याकडे

भारतीय तटरक्षक दलाचा उगम रुस्तमजी समितीच्या शिफारशींत आहे. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते हंगामी स्वरूपात उभे राहिले आणि १९७८ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. या कायद्याचे कलम १४ वाचण्याजोगे आहे. दलाच्या कर्तव्यांची यादी देताना त्यात मच्छीमारांचे संरक्षण आणि संकटसमयी त्यांना समुद्रात साह्य करणे या कामाचा स्पष्ट उल्लेख आहे. तस्करीविरोधी कारवाईत सीमाशुल्क खात्याला मदत करणे, सागरी पर्यावरण राखणे, समुद्रावरील जीवित व मालमत्ता यांची सुरक्षितता पाहणे ही अन्य कामे. शोध व बचावाच्या दृष्टीने भारताच्या वाट्याला आलेले सागरी क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचे आहे. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आताचे श्रीविजयपुरम) येथील सागरी बचाव समन्वय केंद्रे ते सांभाळतात.

२६ नोव्हेंबर २००८ ने या संस्थेचा कल बदलला. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन दहशतवादी मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले, आणि तोवर संरक्षणाचा विषय असलेली मासेमारी नौका एका रात्रीत संशयाचाही विषय झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलावर सोपवली. प्रादेशिक समुद्रातील किनारी सुरक्षा, त्यात किनारी पोलिसांच्या गस्तीचा पट्टाही आला, तटरक्षक दलाकडे गेली. त्याच वर्षी गांधीनगर येथे मुख्यालय असलेला वायव्य विभाग सुरू झाला आणि पुढे कोलकात्यात ईशान्य विभागाची भर पडली. किनाऱ्यावर नवी ठाणी मंजूर झाली. पहिल्या टप्प्यात ४६ रडार केंद्रांची साखळी उभी राहिली. त्यातील ३६ मुख्य भूमीवर आणि बाकीची लक्षद्वीप व अंदमान-निकोबारमध्ये. २० मीटरहून लांब नौकांना स्वयंचलित ओळख प्रणाली बंधनकारक झाली. मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली.

हे सारे आवश्यकच होते. २६/११ नंतर कोणत्याही सरकारला याहून वेगळे काही करता आले नसते. परंतु या फेररचनेचा प्राधान्यक्रम लक्षात घ्यावा लागतो. रडार आणि ओळख प्रणाली किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्रातील नौका दाखवतात. नौकेवरच्या माणसाचा आवाज किनाऱ्यापर्यंत नेणे हे त्यांचे काम नव्हे. पाहणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि २००९ नंतर निधी, मनुष्यबळ व राजकीय लक्ष यांचा ओघ पाहण्याकडे वळला. शिवाय २० मीटरहून लहान नौका, म्हणजे आपल्या मासेमारी ताफ्याचा फार मोठा भाग, ओळख प्रणालीच्या सक्तीबाहेर राहिल्या.

कामे वाढली त्या मानाने दलाची क्षमता लगेच वाढली नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये संसदेत मांडलेल्या तटरक्षक दलावरील अहवालात मुंबई हल्ल्यानंतर मंजूर झालेली बहुतांश ठाणी तोवर कार्यान्वितच झाली नसल्याचे नमूद केले होते. त्यानंतरच्या दशकात दलाने बरीच मजल मारली, हे मान्य करायला हवे. गस्तिनौकांचा ताफा दीडशेच्या घरात गेला, विमाने व हेलिकॉप्टरही वाढली. तरीही ज्या टेबलावर संकटाची हाक येते त्या टेबलाचे काय, हा प्रश्न नौकांच्या संख्येने सुटत नाही. हाक कळल्यानंतरच नौका निघते.

दोन परदेशी धडे

फेररचना आणि बिनतारी पहारा यांच्या नात्यावर सर्वांत सखोल राजकीय चर्चा झाली ती ब्रिटनमध्ये. डिसेंबर २०१० मध्ये तेथील सरकारने किनाऱ्यावरची १८ समन्वय केंद्रे कमी करून मोजकीच ठेवण्याचा आणि त्यातील केवळ तीन चोवीस तास चालवण्याचा प्रस्ताव मांडला. अँटेनांचे जाळे जसेच्या तसे राहणार होते. बदलणार होती ती त्या अँटेनांच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माणसे. सरकारचे म्हणणे असे की, जुन्या पद्धतीत एका केंद्रावर ताण आला तर फक्त शेजारचे केंद्र मदत करू शकते. देशभराचे एकच जाळे झाले तर कोठलाही संदेश मोकळ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे वळवता येईल. हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता.

विरोध झाला तो स्थानिक ज्ञानाच्या मुद्द्यावर. स्कॉटलंडच्या बेटांवर आणि वेल्सच्या किनाऱ्यावर एकाच नावाची अनेक ठिकाणे आहेत, आणि एकाच खडकाला नकाशात एक व मच्छीमारांच्या तोंडी दुसरे नाव असते. घाबरलेला माणूस अक्षांश-रेखांश सांगत नाही, तो तोंडात बसलेले नाव सांगतो. ते नाव शेकडो मैलांवरच्या कर्मचाऱ्याला कळेल काय, हा प्रश्न लर्विकपासून फाल्मथपर्यंत विचारला गेला. हाउस ऑफ कॉमन्सच्या परिवहन समितीने साक्षी नोंदवल्या आणि जून २०११ च्या अहवालात मूळ योजनेवर कडक टीका केली. सरकारला माघार घ्यावी लागली. केवळ दिवसा चालणाऱ्या केंद्रांची कल्पना सोडून देण्यात आली आणि टिकवलेल्या केंद्रांची संख्या वाढली. तरीही फोर्थ आणि क्लाईड ही केंद्रे २०१२ मध्ये व यार्मथ २०१३ मध्ये बंद झाली, आणि फेअरहॅम येथील राष्ट्रीय केंद्राने २०१४ मध्ये काम सुरू केले. ब्रिटनचा निर्णय बरोबर की चूक, यावर तेथे अजून एकमत नाही. पण एका संसदीय समितीने नेमका हाच विषय घेऊन, हाक ऐकणाऱ्या टेबलावर काय परिणाम होईल एवढेच विचारले आणि सरकारला उत्तर देणे भाग पडले, ही गोष्ट दिल्लीने टिपून ठेवण्याजोगी आहे.

दुसरा धडा अमेरिकेतला आहे आणि तो अधिक क्लेशदायक आहे. २९ डिसेंबर १९९७ च्या पहाटे दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी ‘मॉर्निंग ड्यू’ ही शिडाची नौका दगडी बांधावर आदळली. नौकेवरून आलेली तुटक हाक तटरक्षक दलाच्या केंद्रात पोहोचली होती. पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याने उलट हाक दिली, उत्तर आले नाही, आणि ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून पाहिले गेले नाही. नौकेवरचे चौघेही मरण पावले. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीनंतर अमेरिकी काँग्रेसमध्ये हा विषय गाजला. संदेश कोठून आला याची दिशा सांगणारी आणि ध्वनिमुद्रण तत्काळ पुन्हा ऐकवणारी ‘रेस्क्यू २१’ ही नवी प्रणाली किनाऱ्यावर उभारण्यास या दुर्घटनेने मोठी चालना दिली. यंत्र आणि माणूस दोन्ही जागेवर असूनही हाक वाया जाऊ शकते. म्हणूनच पहाऱ्याचे टेबल हे प्रशिक्षण, मनुष्यबळ आणि कामाच्या पाळ्या यांचाही विषय ठरते.

एका हाकेची सात खाती

भारतात ही चर्चा ब्रिटनसारखी होऊ शकत नाही, याचे एक कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतच आहे. मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत येतो, पण प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्रसूचीत जाते. बारा मैलांची ती रेषा ओलांडताना नौका, तिचा तांडेल आणि त्यांचे संकट तेच राहते, कायदा तेवढा बदलतो. नौकेची नोंदणी व परवाना राज्याच्या मत्स्य खात्याकडे. किनारी पोलीस राज्याच्या गृह खात्याचे, पण त्यांच्या नौकांना पैसा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या योजनेतून. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाचे. जहाजांच्या सुरक्षेचे नियम नौवहन महासंचालनालयाचे. वादळाचा इशारा भूविज्ञान मंत्रालयाचा. उपग्रहावरून संदेश नेणारी यंत्रणा अंतराळ विभागाची, आणि बिनतारी संचाचा परवाना दूरसंचार विभागाचा. हाक एकच, पण तिच्या वाटेवर केंद्राची सात खाती उभी आहेत.

सात खाती असणे हा दोष नव्हे. आधुनिक राज्ययंत्रणेत ते अपरिहार्य असते. दोष आहे तो त्यांना एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेतला. सागरी व्यवहारांसाठी शिखर संस्था असावी अशी शिफारस कारगिल युद्धानंतरच्या मंत्रिगटाने २००१ मध्येच केली होती. प्रत्यक्षात राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयकाची नेमणूक झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. या दोन तारखांच्या मधल्या एकवीस वर्षांत मुंबईचा हल्ला झाला आणि ओखीही येऊन गेले. शिवाय या पदाच्या नावातला शब्द ‘सुरक्षा’ हा आहे. शोध व बचावासाठी राष्ट्रीय मंडळ आहे, तटरक्षक दलाचे महासंचालक त्याचे प्रमुख असतात आणि त्याच्या बैठकाही होतात. मात्र तिथे ठरलेले राज्याच्या मत्स्य अधिकाऱ्यापर्यंत आणि तिथून बंदरावरच्या सोसायटीपर्यंत पोहोचवण्याची साखळी सैल आहे.

संसदेतही हेच चित्र दिसते. तटरक्षक दलाचा विषय संरक्षणविषयक स्थायी समितीकडे, किनारी पोलिसांचा गृहविषयक समितीकडे, मत्स्यव्यवसायाचा कृषिविषयक समितीकडे, जहाजवाहतुकीचा परिवहनविषयक समितीकडे, हवामान व उपग्रहांचा विज्ञानविषयक समितीकडे आणि बिनतारी परवान्यांचा दळणवळणविषयक समितीकडे. सहा समित्या आपापला तुकडा तपासतात. त्यातच तटरक्षक दलाची तरतूद संरक्षण मंत्रालयाच्या नागरी मागणीत येते, त्यामुळे तिन्ही सेनादलांच्या खरेदीवर रंगणाऱ्या चर्चेत ती सहसा तळटीप ठरते. बहुतेक मागण्या तर चर्चेविनाच गिलोटिनखाली मंजूर होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये १९५८ च्या कायद्याची जागा घेणारे मर्चंट शिपिंग विधेयक लोकसभेत आले, तेव्हा बिहारमधील मतदारयाद्यांच्या वादावरून सभागृहात गदारोळ चालू होता आणि त्या गदारोळातच ते मंजूर झाले. समुद्रावरील जीवित सुरक्षेवर सविस्तर बोलण्याची दशकांतून एकदा येणारी संधी अशी हुकली. यात सत्ताधारी आणि विरोधक दोघांचाही वाटा आहे.

ओखीने दाखवलेले

ओखीचा घटनाक्रम या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहायला हवा. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी श्रीलंकेच्या आग्नेयेस कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि ३० तारखेच्या सकाळी त्याचे चक्रीवादळ झाले, तेही कन्याकुमारीच्या अगदी जवळ. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा आदल्या दिवशी दिल्याचे हवामान खात्याचे म्हणणे होते. हा इशारा बंदरावरच्या माणसाला उपयोगी होता. कन्याकुमारी जिल्ह्यातील तूत्तूर परिसराच्या खोल समुद्रातील नौका मात्र अनेक आठवड्यांच्या फेरीवर गेलेल्या असतात. त्यांच्यासाठी ‘जाऊ नका’ या शब्दांना काही अर्थच नव्हता, आणि ‘परत फिरा’ सांगायला आवाजाचा पल्ला पुरत नव्हता.

२ डिसेंबरला महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी समाजमाध्यमावरून एक माहिती जाहीर केली. केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या २ अशा ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या होत्या. देवगडच्या बंदरात दक्षिणेकडच्या त्या नौकांची दाटी झाली. वाऱ्याचा रोख ओळखून उत्तरेकडे निघण्याचा निर्णय या तांडेलांनी आपल्या अनुभवावर घेतला होता. नऊशे बावन्न माणसे वाचली याचा आनंद मोठाच आहे. पण एवढा मोठा तांडा भर समुद्रात कोठे आहे, हे ज्या यंत्रणेने किनाऱ्यावर बसून सांगायला हवे होते, तिच्याकडे तशी सोयच नव्हती, हे त्या आनंदात विसरले जाऊ नये. गृहविषयक स्थायी समितीने २०१८ मध्ये या वादळावर आणि मच्छीमारांच्या हानीवर स्वतंत्र अहवाल दिला, ही संसदेची जमेची बाजू होय.

याच्याशी तुलना करण्याजोगी घटना मे २०२१ ची आहे. तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही तराफावजा बार्ज १७ मे रोजी बुडाली, तेव्हा तिच्यावर २६१ जण होते. वादळाचा इशारा असूनही बार्ज तिथे का थांबली, हा गंभीर प्रश्न होता आणि बार्ज व ‘वरप्रदा’ हा टग मिळून ८० हून अधिक जीव गेले. परंतु त्यांची हाक ऐकली गेली होती आणि ठिकाण ठाऊक होते. म्हणूनच नौदलाच्या नौका त्या राक्षसी लाटांत तिथवर पोहोचल्या आणि बार्जवरील १८० हून अधिक जणांना जिवंत बाहेर काढू शकल्या. ओखीतील कित्येक नौकांच्या बाबतीत शोध कोठून सुरू करायचा, हेच ठाऊक नव्हते.

उपग्रहाचा आधार आणि त्याच्या अटी

व्हीएचएफच्या वीस मैलांपलीकडे जाण्याचा मार्ग उपग्रहातूनच जातो, आणि इथे भारताने स्वतःच्या बळावर बरेच काही केले आहे. इस्रोने तटरक्षक दलाच्या गरजेनुसार तयार केलेले संकट-इशारा प्रक्षेपक २०१० पासून वापरात आले. बटण दाबले की नौकेचे स्थान आणि संकटाचा प्रकार उपग्रहामार्फत बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात आणि तिथून जवळच्या बचाव समन्वय केंद्रात पोहोचतो. अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरात असल्याचे इस्रोने सांगितले आहे. त्यांची उणीव एकच होती, पण ती मोठी होती. बटण दाबणाऱ्याला आपली हाक ऐकली गेली की नाही, हे कळत नसे. ओखीनंतर २०१९ मध्ये आलेल्या ‘जेमिनी’ यंत्राची गोष्ट नेमकी उलटी. त्यावर वादळाचा इशारा खोल समुद्रातही मिळतो, पण तिथून उत्तर देता येत नाही. एका यंत्राला कान नव्हते, तर दुसऱ्याला तोंड.

जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रक्षेपकाने हे दोन्ही जोडले. हाक पोहोचल्याची पोचपावती नौकेवर परत येते, बचाव केंद्राचा संदेशही येतो आणि तो मोबाइलवर मच्छीमाराच्या भाषेत वाचता येतो. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नौका संपर्क व साह्य प्रणालीच्या देशव्यापी अंमलबजावणीचा प्रारंभ केला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख यांत्रिक व मोटारचलित नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची ही सुमारे ३६० कोटी रुपयांची योजना आहे. ओखीच्या वेळी जे नव्हते ते आता येऊ घातले आहे, एवढे श्रेय सरकारला द्यायलाच हवे.

पण इथेच ब्रिटन आणि चार्ल्सटनचे धडे पुन्हा समोर येतात. जगभरच्या अनुभवानुसार आपोआप इशारा देणाऱ्या उपकरणांकडून येणाऱ्या इशाऱ्यांत खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण फार मोठे असते. धक्का लागून, बॅटरी बदलताना, पोरांच्या खेळात बटण दाबले जाते. एक लाख नौकांवर असे बटण आले की टेबलावर बसलेल्या माणसाचे काम कमी होणार नाही, वाढेल. कोणती हाक खरी, हे फोन लावून, शेजारच्या नौकेला विचारून, बंदरावरच्या सोसायटीत चौकशी करून ठरवावे लागेल. त्यासाठी कोकणी, मराठी, मल्याळम, तमिळ, तेलुगू, गुजराती, बंगाली जाणणारी आणि किनाऱ्याची बोलीतली नावे ओळखणारी माणसे चोवीस तास टेबलावर हवीत. उपकरणांवर होणारा खर्च मंत्री सभागृहात सांगतात. या माणसांच्या मंजूर पदांचा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

दुसरी अट विश्वासाची आहे. ट्रान्सपाँडर संकटात उपयोगी पडतो तसाच तो नौका कोठे आहे हेही सतत सांगतो. शेजारच्या राज्याच्या हद्दीत, बंदी असलेल्या पट्ट्यात किंवा सागरी सीमेजवळ गेल्यास त्याच यंत्राच्या नोंदीवरून दंड होईल, ही मच्छीमारांची भीती निराधार म्हणता येणार नाही. मासळीचा ठिकाणा उघड होण्याची चिंता वेगळीच. अशा भीतीपोटी यंत्र बंद ठेवले गेले, तर पहारा आणि बचाव दोन्ही फसतात. एकाच यंत्राकडे पोलिसाचे आणि रखवालदाराचे काम द्यायचे असेल, तर बचावासाठीची माहिती कशासाठी वापरली जाईल आणि कशासाठी नाही, याचा लेखी नियम हवा. २००९ च्या फेररचनेत सुरुवातीपासून राहून गेलेली हीच गोष्ट आहे.

मोजायचे काय?

तटरक्षक दलाची कामगिरी आज वाचवलेल्या जिवांच्या संख्येत सांगितली जाते. ही संख्या अभिमानास्पद आहे आणि उसळत्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून दोरीवर उतरणाऱ्या जवानांबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही. परंतु ही संख्या ऐकल्या गेलेल्या हाकांचीच असते. हाक आल्यापासून नौका निघेपर्यंत किती मिनिटे लागली, किती हाका आल्या आणि त्यांतील किती समजल्या नाहीत, किनाऱ्याच्या कोणत्या पट्ट्यात सोळावा चॅनेल नीट ऐकू येत नाही, १५५४ या क्रमांकावर आलेला फोन कोणत्या भाषेत उचलला गेला, ही माहिती संसदेपुढे नियमितपणे येत नाही. ती आली तर सहा समित्यांच्या तुकड्यांतूनही एक चित्र उभे राहील, आणि ती मागण्यासाठी कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. एखाद्या किनारी खासदाराचा तारांकित प्रश्नही पुरेसा आहे.

देशाच्या किनाऱ्याची लांबी नव्या मोजणीनुसार ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरवर गेली. त्या किनाऱ्यावरून दररोज पहाटे हजारो नौका समुद्रात जातात. पुढच्या चक्रीवादळात त्यांच्यातील एखाद्या तांडेलाने बटण दाबले, तर त्याला पोचपावती मिळेल याची व्यवस्था तंत्रज्ञांनी केली आहे. ती पोचपावती पाहून तत्काळ निर्णय घेणारा, त्याची भाषा जाणणारा आणि त्या निर्णयाला उत्तरदायी असलेला एक माणूस टेबलावर बसवणे हे राजकारणाचे काम आहे, आणि ते अद्याप व्हायचे आहे.